शिरपूर ते रिठद, घरी शिवलेल्या पिशवीत तसबीर घेऊन

सायकलच्या तीन नळ्यांमध्ये बसणारी पिशवी घरी शिवता येते का, असं परवा दोघांनी विचारलं. येते. मी सत्तरच्या दशकात शिवली आणि तीच घेऊन शिरपूर जैनहून रिठदला गेलो. त्या बाजूला जायचं मनात असेल तर वाचा, दोन्ही कामं होतील.

तेव्हा वाशिम जिल्हा व्हायचा होता. मी शिरपुरात हातमशीनवर पिशव्या शिवून संसार उभा करत होतो. रिठदला थोरल्या बहिणीच्या, गयाबाईच्या मुलीचं लग्न. आमची लग्नं बौद्ध पद्धतीची. मुहूर्त नाही, पण भगवान बुद्धांची तसबीर नसेल तर मेणबत्ती कुणापुढे लावणार? तिथल्या वस्तीतल्या तसबिरीची काच फुटलेली, म्हणून नवी आणायचं माझ्याकडे आलं. लग्नसराईच्या एसटीत काचेचा चुराच झाला असता. सायकल बरी.

नळ्यांच्या मधल्या जागेवर वर्तमानपत्र धरून आकार कापला, शिवणीला बोटभर जास्त ठेवला. कापड ट्रकच्या जुन्या ताडपत्रीचं. दुमडीवर मशीनची सुई मोडली, मग दाभण आणि मेण लावलेला दोरा घेऊन हातानेच टाके घातले. आत गोधडीचं अस्तर, नळ्यांना बांधायला चामड्याचे पट्टे. जाडी चार बोटांवर जाऊ देऊ नका, गुडघे घासतात.

रस्ता म्हणजे बैलगाडीची चाकोरी. बाभळी सोडून सावली नाही, पाणी सोबत घ्याच. अर्ध्या वाटेवर नाल्याकाठी चहाचं खोपटं होतं. तिथे बिडी ओढत बसलेल्या म्हाताऱ्याने पिशवीत काय म्हणून विचारलं. मी मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्याने पिशवीकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे.

"अन् थे मांड्यायच्या मधात? तुह्या पायाले लागून राह्यली ना ती. लग्नघरी काय सांगशीन?"

 माप घेतलं, अस्तर लावलं, हे मात्र सुचलंच नव्हतं. तसबीर काढून उपरण्याने पाठीवर बांधली, तर वाऱ्याने सायकलच आडवी व्हायला लागली. चालत जावं तर वऱ्हाडाची परतीची शेवटची गाडी उजेड असतानाच निघायची. लग्नाशिवाय वऱ्हाड परत गेलं तर बहिणीने तोंड कुठे दाखवावं? शेवटी तसबीर परत पिशवीत घातली. मनाशी ठरवलं, गावाबाहेर थांबायचं, तसबीर काढून छातीशी धरायची आणि चालत आत जायचं. कोण विचारतंय?

उताराला चाक दगडावर आदळलं आणि आत बारीक 'टिक' झालं. माझे कान तिखट आहेत. पुढे प्रत्येक खड्ड्याला तोच आवाज. पिशवी उघडून पाहायची हिंमत झाली नाही.

गावाबाहेरच्या पुलाशी पोचलो, तर नवरदेवाचा चुलता तिथेच उभा. गाडी चुकेल म्हणून वाट पाहायला आलेला. माझ्या गुडघ्यांमधून तसबीर निघताना त्याने पाहिली. काच शाबूत होती, चौकटीचा एक बारीक खिळा सैल झाला होता. पण तो पाठ फिरवून पुढे चालायला लागला. मांडवात पोचल्यावर बोलला, सगळ्यांसमोर.

"पायात घालून आनली यानं. दुसरी आना, मंग लगन."

दुसरी कुठून आणणार? नवरी डोकं खाली घालून बसलेली.  मग गयाबाई पुढे आली. माझ्या हातातून तसबीर घेतली, पदराने धूळ पुसली आणि व्याह्यांकडे वळली.

"इवाई, गावानं आपल्याले पायाजवळ ठेवलं, म्हनून आपन तो धरम सोडला. मंग आता पायाचा विटाळ कायले धरून राह्यले? भगवान तं जलमभर पायीच फिरले."

 चुलत्याने डोक्याचा रुमाल काढला, पाटावर अंथरला आणि तसबीर तिच्याकडून घेऊन स्वतःच त्यावर ठेवली. "मेनबत्त्या लावा," म्हणाला. "गाडी काय थांबनार हाये का?"

पंगतीला वरण-भात आणि बुंदी होती. मला दोनच घास गेले, पण गोड लागले.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. पिशवी पुढे खूप वर्षं चालली, टाके तर अजून पक्के आहेत. रस्ता आता डांबरी आहे, निवांत जा. माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. आमच्या माणसांनी जो विटाळ घराबाहेर टाकला होता, तो मी नाल्यापासून रिठदपर्यंत एकटाच वाहून नेला.