फॉइलखालचा केशरी रंग

पालकातून काढलेला केशरी रंग उजेडात ठेवायचा नाही, हे आमच्या सरांनी मला पहिल्याच दिवशी दम देऊन शिकवलं होतं. हे कॅरोटिनॉइड म्हणजे काठीसारखे लांब, सरळ रेणू. पानात ते प्रथिनाच्या पकडीत जरासे पिळून बसतात आणि त्या आकारातच ऊन झेलून हरितद्रव्याच्या हवाली करतात. आकार बिघडला की हा व्यवहार किती बिघडतो, हाच माझा पीएचडीचा विषय. त्यासाठी आधी निव्वळ सरळ रेणू हवेत, आणि बाटलीत सुटे असताना त्यांना उजेड लागला की ते मधेच वाकतात.

म्हणून ऐन मे महिन्यात कूलरची खिडकीसुद्धा काळ्या पडद्याने झाकून, मंद हिरव्या दिव्याखाली मी घामाघूम होत काम करायचे. सर आलेच तर दारातूनच "छान, छान" म्हणून परतायचे. सोमवारी बाहेरगावच्या मोठ्या यंत्रावर माझी पाळी होती. फेलोशिप संपत आली होती. ही पाळी हुकली तर दुसरी मिळणार नव्हती. आणि रंग तपासताना निघणाऱ्या आलेखात वाकड्या रेणूंचा उंचवटा दिसायला लागला. संध्याकाळी नसायचा, सकाळी हजर.

मला अन्न गोड लागेना. पडद्याची भोकं बुजवली, बाटलीवर फॉइलचा दुसरा थर चढवला, फ्रिजमधला दिवा काढून टाकला. आई फोनवर म्हणाली, "काहून एवढा जीव जाळून राहिली वं त्या पालकासाठी?" मी तिच्यावरच खेकसले.

शुक्रवारी चहाही न घेता लवकर पोचले. प्रयोगशाळेचं दार नुसतं लोटलेलं, पडदा बाजूला, आणि खिडकीच्या उन्हात सर उभे. फॉइल सोललेली माझी बाटली त्यांनी अगदी नाकाशी धरली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "सर! काय करून राहिले तुम्ही?"

ते दचकले. "रंग पाहून राहिलो होतो, रोज सकाळी पाहतो तसा. खराब माल घेऊन गेली तं सोमवारी कसं होईन तुयं?"

"मग हिरव्या दिव्यात पाहायचा ना!"

त्यांनी बाटली माझ्यापुढे केली. माझा हात एकीकडे होता आणि बाटली भलतीकडेच, हवेत. मी ती झटकन धरली.

"तिथं मले काहीच दिसत नाही वं आता," ते हळूच म्हणाले. "दिवाळीपासून. कोणाले सांगू नको."

मला राग सांभाळता येईना आणि रडूही. "आजच धंतोलीच्या डॉक्टरांना डोळे दाखवू, सर."

"तुयं काम झाल्यावर."

नवा रंग काढायला शनिवार-रविवारच उरले होते. मी घाईने पडदा ओढायला गेले आणि हात तिथेच थांबला. सर अजून आत होते. अंधार केला असता तर त्यांना दार सापडलं नसतं.