भोंग्यातली बाई

रेणूचा आवाज लहानपणापासूनच मोठा. बाप मल्हारी मेंढरं राखायचा आणि शाळा सुटली की रेणू त्याच्या मागं अंतरवाली सराटीच्या शिवारात जायची. ओढ्यापलीकडं पांगलेलं मेंढरू तिच्या एका हाकेवर मान वर करायचं. वर्गात मात्र बाई म्हणायच्या, "रेणू, हळू वाच, शेजारच्या वर्गाला त्रास होतो." लग्न होऊन शहागडला आली, तर सासू सगुणाबाई पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "पोरी, मी शेजारच्या खोलीत हाये, गोदावरीच्या पल्याड न्हाई."

नवरा करण याचं हायवेच्या कडेला पंक्चरचं दुकान. दिवाळीनंतरच्या एका दुपारी रेणू त्याचा डबा घेऊन गेली, तेव्हा भाजीवाल्या पप्पूचा टेम्पो चाक काढून उभा होता. पप्पूचा घसा पार बसलेला. टेम्पोवरच्या भोंग्यातून कुणी परका माणूस हिंदीत ओरडत होता, "आलू ले लो, प्याज ले लो."

"हे कोण बोलून राह्यलंय?" रेणूनं विचारलं.

"काय माहीत, वहिनी. मोबाईलवर सापडलं, लावलं," पप्पू घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पण गल्लीत येणाऱ्या सगळ्याच गाड्यांवर ह्योच बाबा. बाया आता दाराशी बी येईनात."

"मी आवाज भरून देते. तुमच्या नावानं."

पप्पू हसला आणि त्यानं करणकडं पाहिलं. करणनं ट्यूबवरची नजर न काढताच सांगितलं, "घे भरून. पण तुझा भोंगा टिकंल का ते बघ."

घरी येऊन रेणूनं मोबाईलवर बोलून पाहिलं. ऐकलं तर मागं ट्रकचा हॉर्न, कुकरची शिट्टी आणि सगुणाबाईचं "रेणू, गॅस बंद कर!" नदीकाठी गेली, तर वाऱ्याचा नुसता घोंघाट. तेव्हा तिला माहेरची कापसाची खोली आठवली. दुसऱ्या दिवशी करणनं तिला गाडीवरून अंतरवालीला सोडलं.

"कापसात बसून काय करतीस?" आई आसराबाईला काही कळेना.

खोली चौकटीपर्यंत भरलेली. रेणूनं आत बसण्यापुरता कापूस उकरला आणि दार ओढून घेतलं. आत बाहेरचं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं. मल्हारी दारापाशी कुत्र्याला धरून बसला.

पहिल्यांदा ती रेडिओवरच्या बायांसारखं बोलली. ऐकून तिचं तिलाच हसू आलं. मग तिनं डोळे मिटले आणि स्वयंपाकघरात बसलेली सगुणाबाई डोळ्यांपुढं आणली. हिला चुलीपासून उठवायचं तर काय बोलावं?

"अवं मावशी! आज कालवण कशाचं, याच्याच इचारात हाये ना? पप्पूची गाडी दारात आली. मेथी सकाळीच खुडलीय, वांगी देठासगट हिरवीगार. भाकर तव्यावर असंल तर उलटून या, पण या!"

बाहेरून मल्हारी म्हणाला, "मी तर उठलो बी."

पप्पूनं ते लावलं आणि पहिल्याच गल्लीत बाया बाहेर आल्या. भाजी बघायच्या आधी त्यांनी टेम्पोत डोकावून पाहिलं. "ती बाई कुठंय रे?"

"भोंग्यात," पप्पू म्हणाला. दुपारच्या आत गाडी रिकामी झाली. संध्याकाळी त्यानं आवाज भरल्याचे पैसे दिलेच, वर मेथीची जुडी दिली.

आता बाकीच्या गाडीवाल्यांचे फोन येणार, असं रेणू धरूनच चालली होती. फोन काही वाजला नाही. महिना होत आला तरी कुणी विचारायला आलं नाही. शेवटी तिनं पप्पूलाच गाठलं. "कुणी इचारत न्हाई का, भाऊ?"

पप्पूनं वजनकाटा उगाच पुसला. "खरं सांगू का, वहिनी? सगळेच इचारत्यात. मी सांगतो, संभाजीनगरहून भरून आणलाय. तुमचं नाव सांगितलं तर उद्या सगळ्याच गाड्या तुमच्या आवाजात बोलत्यान. मंग माझं काय राहिलं?"

रेणूच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाऊन तिनं भांडी आदळली. पण पीठ मळता मळता तिच्या ध्यानात आलं की पप्पूची भीती काही खोटी नाही. सकाळी ती पुन्हा त्याच्याकडं गेली.

"नदीच्या अल्याड भाजीला दुसऱ्या कुणाला आवाज देणार न्हाई. शब्द झाला. पण भाजी सोडून दुनियेत लई काही इकतं. तिथं माझं नाव लपवायचं न्हाई."

"बिलकुल न्हाई," पप्पू म्हणाला, आणि त्याचा चेहरा मोकळा झाला.

मात्र त्याच्या भरवशावर ती बसली नाही. अंबडच्या बाजारात ती स्वतः गेली, पिशवीत छोटा स्पीकर घेऊन. भांडीवाला सर्जेराव म्हणाला, "आमचा आवाज काय वाईट हाये? अन् तो फुकटचा हाये." चप्पलवाल्याला टीव्हीसारखी भाषा हवी होती. गादीवाल्यानं नुसता हात हलवला. प्रत्येक दुकानापुढं रेणू जास्तच अदबीनं, जास्तच हळू बोलायला लागली. चौथ्या ठिकाणी माणूस म्हणाला, "काय म्हणता? ऐकू येईना," तेव्हा ती चरकलीच. आवाज विकायला निघाले आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटतेय!

रांगेच्या टोकाला नंदाबाई नावाची म्हातारी वाळल्या मिरच्या घेऊन बसली होती. तिचं ओरडणं शेजारच्या पालापर्यंतही पोचत नव्हतं.

"मावशी, तुमच्यासाठी एक हाक मारू का?"

"मार की. मला कुठं पैसे पडत्यात!"

रेणूनं पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि शिवारात मारायची तशी हाक दिली. "अवं बायांनो, वास घेऊनच ठसका लागंल अशी मिरची हाये! मावशीनं सोता निवडलीय, देठ न्हाई का कचरा न्हाई! वर्षाचं तिखट करायचंय ना? मंग पुढं कुठं चालल्या?"

पुढं गेलेल्या बाया मागं फिरल्या. पोत्याभोवती इतकी दाटी झाली की नंदाबाईला तराजू धरायला जागा उरली नाही. गर्दीच्या मागं सर्जेराव भांडीवाला टाचा उंचावून उभा होता. दाटी ओसरल्यावर तो जवळ आला. "ताई, मघाशी काय म्हणत होत्या तुम्ही?"

"मघाशी हळू म्हणत होते," रेणू म्हणाली. "आता नीट ऐका."

तिनं तिथंच त्याच्या पातेल्यांवर बोट वाजवून पाहिलं, कुठलं जास्त खपतं ते विचारलं आणि पुढच्या बाजारी त्याचं भरून आणलं. सर्जेरावामागं गादीवाला आला, मग मिक्सर दुरुस्तीवाला. नंदाबाईच्या जावयाकडं स्पीकर होता, तिलाही भरून दिलं. कापूस विकला गेला आणि माहेरची खोली रिकामी झाली, तेव्हा रेणू दोन दिवस चिंतेत होती. सगुणाबाईनं आपल्या सगळ्या गोधड्या काढून मागच्या खोलीच्या भिंतींवर टांगल्या आणि बजावलं, "आतमधी पायजे तेवढं बोंबल. सैपाकाचं मी बघते."

परवा नदीपल्याडच्या गेवराईहून एका भाजीवाल्याचा फोन आला. त्याला पप्पूचंच, शब्दाला शब्द तेच हवं होतं. "ते पप्पूचं हाये, ते कुणाला भेटायचं न्हाई," रेणूनं सांगितलं. मग खाट ओढून ती बसली. "तुमचं येगळं करू. आधी हे सांगा, तुमच्या गाडीवर बाया कशावरून भांडत्यात?"

पलीकडचा माणूस हसला आणि सांगायला लागला. त्याचं सांगून होईपर्यंत रेणूच्या मनात पहिलं वाक्य जुळलंही होतं.