अजिनाथरावांचा कॉम्प्युटर का तापला

काष्टीत आमचं सीट कव्हरचं दुकान आहे. मोटारसायकल, ट्रॅक्टर, पिकअप, जिथं म्हणून माणूस बूड टेकतो त्या सगळ्याला आमचे अजिनाथराव कव्हर शिवून देतात. बायको म्हणून त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर वही पुरायची नाही, म्हणून एवढी एकच हकिकत सांगते. त्यांचा सगळा स्वभाव तिच्यात आला आहे.

या माणसाला खेळाचं वेड आहे, पण मैदानातल्या नव्हे, पडद्यावरच्या. इकडं पाच जणांची टीम, तिकडं पाच जणांची, आणि सगळ्यांच्या हातात बंदुका. यांच्या टीमचा कप्तान कोपरगावचा आसिफ. त्याला यांनी अजून समोरासमोर पाहिलेलं नाही, पण संध्याकाळी हेडफोन लावून त्याच्याशी जेवढं बोलतात तेवढं माझ्याशी बोलत नाहीत. हरले की यांचं म्हणणं ठरलेलं: हात चांगला आहे, मशीन साथ देत नाही. जुना लॅपटॉप ऐन वेळी अडकायचा हेही खोटं नव्हतं. ऐकून ऐकून मलाच उत्सुकता लागली होती, की चांगलं मशीन मिळालं तर हा गडी नक्की खेळेल तरी कसा? त्यांना तर दुसरं काही सुचतच नव्हतं.

शेवटी दिवाळीनंतर त्यांनी एकेक भाग कुरियरनं मागवला आणि कापड कापायच्या टेबलावर, व्हिडिओ बघत बघत, गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जोडला. चालू केला तसे आत लाल-निळे दिवे लागले. मी हळदकुंकू वाहिलं. नारळ मात्र त्यांनी बाहेर पायरीवर फोडला, मशीनवर पाणी उडायला नको म्हणून.

आणि मग ते मशीन तापायला लागलं. नुसतं चालू ठेवलं तर ठीक, पण गेम सुरू केला की पंखे किंचाळायचे, पडद्याच्या कोपऱ्यातला तापमानाचा आकडा नव्वदच्या पुढं पळायचा, आणि शंभराच्या आसपास गेला की सगळं बंद. रविवारी मोठी मॅच होती. आसिफनं गोडीत पण स्पष्ट सांगितलं, की मधेच मशीन बंद पडलं तर आम्ही चौघांनी पाच जणांशी कसं लढायचं? शनिवारपर्यंत नीट झालं नाही तर तो दुसऱ्या कुणाला घेणार होता. आपला हात खरंच चांगला आहे का, हे कळायची वेळ आली आणि नेमकं मशीन रुसलं.

शनिवार आमच्याकडं बाजाराचा. दुपारी गर्दी ओसरल्यावर आम्ही दोघं कॉम्प्युटरच्या त्या डब्यापुढं बसलो. आधी यांनी धुळीला दोष दिला. कालपरवा जोडलेल्या मशीनमध्ये धूळ कुठून येणार, असं मी विचारलं, तर ते माझ्यावरच खेकसले. मग डबा भिंतीपासून लांब ओढला, बाजूची काच काढली, टेबलफॅन लावला. आकडा तीन-चारनं उतरला आणि परत चढला. पंखे उलटे बसले असतील अशी यांना शंका आली. ती फेडायला मी देवघरातून उदबत्ती आणली. पुढच्या जाळीपाशी धरली तर धूर सुरसुर करत आत गेला, आतल्या कूलरला वळसा घालून मागच्या बाजूनं बाहेर पडला. इतकं देखणं दिसत होतं ते, की आम्ही भांडण विसरून परत परत पाहिलं. वारा तर नीट वाहत होता. मग उष्णता अडत कुठं होती?

मला राहवलं नाही. पंख्याला चुकवून मी त्या कूलरच्या पत्र्यांना बोट लावलं. प्रोसेसरच्या डोक्यावर बसवलेला हा पत्र्यांचा मनोरा. प्रोसेसरची उष्णता त्यानं ओढून घ्यायची आणि पंख्यानं ती उडवून लावायची, एवढंच त्याचं काम.

"अहो, हे तर गार हाय," मी म्हणाले.

"गारच असनार. कूलर हाय त्यो."

"पन आकडा सत्त्यान्नव दाखवतोय. गॅस मोठा हाय आन तवा गार, मग आच जाती कुठं?"

त्यांनीही बोट लावून पाहिलं. मग मशीन बंद केलं, चार स्क्रू काढले आणि कूलर उचलून उलटा धरला. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायचा राखाडी लेप होता, आणि लेपाच्या आड, कूलरच्या बुडाला चिकटलेलं, काहीतरी चमकत होतं.

मी विचारलं हे काय. ते म्हणाले, "प्लास्टिक हाय. मीच ठिवलंय."

त्याचं असं आहे, की आमच्या दुकानात कडक नियम आहे: प्लास्टिक काढलं की माल परत नाही. गिऱ्हाइकाशी त्यावरून यांची रोज हुज्जत. तोच नियम कंपनीचाही असणार, असं हे धरून चालले होते. मशीन चांगलं चालतंय याची खात्री झाली की मगच सगळं प्लास्टिक काढायचं, तोपर्यंत नाही. बिघडलं तर परत पाठवता यायला हवं. आणि त्या प्लास्टिकमुळंच ते बिघडलं होतं. त्यावरच इंग्रजीत स्पष्ट छापलेलं होतं, की बसवण्याआधी हे काढा. मला हसू आवरेना आणि रागही आवरेना. ते मात्र त्या अक्षरांकडं बघत बसले होते.

कोपरा नखानं उचलताना त्यांचा हात अडखळला. "आता परत न्हाई करता यायचा," ते म्हणाले. मी म्हटलं, काढा. त्यांनी ओढलं. जुना लेप सुती चिंधीनं पुसला, नळीत उरलेला नवा लावला, कूलर पुन्हा आवळला. गेम सुरू केला. आकडा साठीत गेला आणि तिथंच बसला. कूलरला हात लावला तर आता कोमट लागत होता. लगेच त्यांनी आसिफला कळवलं.

रविवारी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून त्यांच्या मागं स्टुलावर बसले. आसिफचा आवाज त्यांनी माझ्यासाठी स्पीकरवर ठेवला होता. मशीन एकदाही अडकलं नाही. चित्र आरशासारखं स्वच्छ, समोरचा गडी मलासुद्धा दिसत होता, आणि यांची गोळी दर वेळी बाजूच्या भिंतीत. प्रत्येक डावात सगळ्यांत आधी हेच बाद. टीम हरली.

आसिफनं विचारलं, "अजिनाथभाऊ, मशीन परत तापलं का?"

हो म्हणाले असते तर कुणी तपासायला येणार नव्हतं, आणि ते हो म्हणतील असंच मला वाटलं.

"न्हाई भाऊ. मशीन झकास चालतंय," ते म्हणाले. "मीच कच्चा हाय."