पडण्याआधीचे गुण

टेल्से हार्म्सेन आठवडाभर बस चालवायची आणि हिवाळ्यातल्या काही शनिवारी एकचाकी सायकलच्या स्पर्धांना पंच म्हणून बसायची. दोन्ही कामांनी तिला एक खोड लावली होती, माणसाच्या पायांकडे बघायची. कोण घरी भांडून आलंय, कोण रात्री जास्त प्यालाय, हे तिला चढणाऱ्याच्या पावलांवरून कळे.

तिचा रस्ता हाम्बुर्गच्या उत्तरेला समुद्राच्या बांधाला लागून जायचा. एका अंगाला कोबीची शेतं, दुसऱ्या अंगाला बांधावरच्या मेंढ्या, आणि ऑक्टोबर लागला की दोन्ही धुक्यात गडप. अशाच एका धुक्याच्या सकाळी फेम्के बॉयसेन शाळेला जायला बसमध्ये चढली. पंधरा वर्षांची, बुटकी, खांद्यांनी भक्कम पोर. एरवी ती पायऱ्या एका उडीत चढायची. त्या दिवशी तिने दांडी दोन्ही हातांनी धरली आणि आधी एक पाय वर घेतला, मग दुसरा ओढला.

"काय गं, एका रात्रीत म्हातारी झालीस?" टेल्सेने विचारलं.

"गेशेने काल पिदडलंय," फेम्के हसून म्हणाली. पण बस अर्धी रिकामी असूनही ती बसली नाही. शाळेपर्यंत दांडीला धरून उभीच राहिली. टेल्सेला ते हसू आवडलं नाही.

गेशे म्हणजे गावातल्या एकचाकी क्लबची प्रशिक्षक. टेल्से आणि ती लहानपणी एकाच सायकलवर आळीपाळीने पडायला शिकल्या होत्या. पुढे टेल्सेचा गुडघा गेला, म्हणून ती पंच झाली. गेशेचं सगळंच शाबूत होतं, म्हणून ती शिकवत राहिली. यंदा तिच्या हाती हुकमी जोडी लागली होती. खाली फेम्के सायकल चालवायची आणि तिच्या खांद्यांवर बारा वर्षांची बेंटे उभी राहायची, पिसासारखी हलकी, डोळ्यांत भीतीचा लवलेश नाही. तशाच अवस्थेत दोघी संगीतावर गिरक्या घ्यायच्या. बघणाऱ्यांचा श्वास अडकायचा.

टेल्से त्याच दुपारी गेशेला भेटली. "त्या पोरीची पाठ दुखतेय."

"वाढतं वय आहे. या वयात आपली नव्हती दुखत?"

"आपल्या खांद्यावर कोणी उभं नव्हतं. तिच्या आईला सांगितलंस?"

गेशेने तिच्याकडे रोखून पाहिलं. "तू पंच आहेस, टेल्से. स्पर्धेआधी पंचाने खेळाडूच्या घरच्यांशी खेळाबद्दल बोलायचं नाही, हा नियम तूच मुलींना वाचून दाखवतेस ना? मग उगाच सगळ्यांना गोत्यात आणू नकोस."

नियम खरा होता. टेल्सेने विषय सोडला. खरं सांगायचं तर तिला जरा सुटल्यासारखंच वाटलं. फेम्केची आई मारेन दिवसभर कोबीच्या गोदामात राबायची, आणि लेकीच्या चषकांवरची धूळ स्वतःच्या बाहीने पुसायची. तिला असलं काही सांगणं सोपं नव्हतं.

विभागीय स्पर्धा नोव्हेंबरात झाली. पंचांचा तुटवडा इतका की आपल्याच क्लबच्या मुलींना गुण द्यायलाही परवानगी होती. मुख्य पंच फोल्कर्ट येबसेन हा करखात्यातला नेमस्त गृहस्थ. आपल्यांना झुकतं माप देणारे पंच शोधायला त्याने एक नियम करून घेतला होता: ज्याचे गुण बाकीच्यांपासून फार लांब जातील, त्याच्या नावापुढे खूण. हेतू चांगलाच होता. पण तेव्हापासून पंच मैदानाकडे कमी आणि शेजारच्याच्या पेनाकडे जास्त बघू लागले होते.

फेम्के आणि बेंटे आल्या. निळे झगे, केसांत चमकी. बेंटे वर चढली आणि गिरकी सुरू झाली. टाळ्या पडल्या. टेल्से फेम्केचे पाय बघत होती. पायडल खाली जाताना उजवा गुडघा दर फेरीला आत वळत होता, आणि तो सावरायला फेम्के कंबर मागे मोडत होती. ती पंचांच्या टेबलाजवळून गेली तेव्हा संगीताच्या खालून टेल्सेला तिचा श्वास ऐकू आला, दातांतून ओढलेला. चेहऱ्यावर मात्र शिकवलेलं हसू तसंच होतं.

पाऊल कुठेच जमिनीला लागलं नाही. काहीच चुकलं नाही. बाकीच्या चार पंचांनी जोडीला पहिली ठेवली. टेल्सेने चौथी ठेवली, आणि तेवढ्यावरून फ्लेन्सबुर्गची जोडी केसभर फरकाने पुढे गेली.

फोल्कर्टने तिला सामानाच्या खोलीत बोलावलं. तिथे गाद्यांच्या थप्प्या होत्या आणि रबराचा कोंदट वास.

"काय दिसलं तुम्हाला?" त्याने शांतपणे विचारलं.

"ती पडणार आहे."

"पडली का?"

"नाही."

"पाय टेकला?"

"नाही. पण तिचा ताबा नव्हता. ती दुखणं दाबून चालवत होती. ताब्याला गुण आहेत ना आपल्याकडे?"

"ताबा गेला की माणूस पडतं, बाई. ती पडली नाही, म्हणजे ताबा होता." त्याने चष्मा पुसला. "जे पडलंच नाही, त्याचे गुण मी कसे कापू देऊ? उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल, मला पुढचं दिसतं."

गेशेने तक्रार केली. समितीने टेल्सेचे गुण रद्द केले, चषक गेशेच्या जोडीला मिळाला, आणि टेल्सेचं नाव त्या हंगामापुरतं पंचांमधून निघालं. आपल्यांना पाठीशी घालणाऱ्या पंचाला गावाने एखादवेळी समजून घेतलं असतं. आपल्यांच्याच विरोधात जाणारीचं काय करायचं, हे कोणाला कळेना.

मग रोज "मोइन" असा नमस्कार करून बसमध्ये चढणारी माणसं खिडकीकडे तोंड करून चढू लागली. एका सकाळी तिच्या बसच्या काचेवर कुजका कोबी फोडलेला होता. वायपरने तो आणखीच पसरला. गेशे एकदाच बोलली, थांब्यावर, चारचौघांसमोर: "तुझ्या सिल्याला कधी जमलं नाही, म्हणून दुसऱ्यांच्या पोरी डोळ्यांत खुपतात तुला." सिल्या ही टेल्सेची लेक. ती सायकल सोडून कधीच हाम्बुर्गला गेली होती. टेल्सेने दार बंद केलं आणि बस काढली. पुढच्या वळणापर्यंत तिला रस्ता नीट दिसला नाही.

तरी हे सगळं तिने गिळलं असतं. तिला गिळता आलं नाही ते छोट्या बेंटेचं बोलणं. पोर भोळी, मोठ्यांचा अबोला तिच्या ध्यानातच नव्हता. डिसेंबरात एकदा ती ड्रायव्हरच्या सीटमागे येऊन टेकली आणि म्हणाली, "टेल्से, ऐकलंत का? आता मी एका पायावर उभी राहते!"

"एका पायावर?"

"हो! आणि सराव पण वाढवलाय. गेशे म्हणते, तुम्ही लिहिलं होतं ना, ताबा कमी? मग आता असं करून दाखवायचं की देशाच्या स्पर्धेत कुठल्याच पंचाला तोंड उघडायला जागा नको."

टेल्सेने गुण कापले होते ते जोडीला थांबवण्यासाठी. गेशेला त्यातून एकच ऐकू आलं होतं: आणखी कठीण करा. गुणांना दुसरी भाषा येतच नव्हती.

आता ती पंच नव्हती, तोंडावर नियमाचं कुलूप नव्हतं. दुसऱ्या दिवशी मारेन चढली तेव्हा टेल्सेने इंजिन चालू ठेवूनच म्हटलं, "मारेन, जरा फेम्केबद्दल..."

"पास दाखवू का?" मारेन म्हणाली. पास तिच्या नाकासमोर धरला आणि मागे निघून गेली. टेल्सेने मनाशी ठरवलं, नाताळ होऊ दे, मग घरीच जाऊ. नाताळ झाला. नवं वर्ष लागलं. बांधावर बर्फ धरला होता, मेंढ्या आत नेल्या होत्या, आणि रोज सकाळी फेम्के दांडी धरून उभी राहत होती. आता हसतही नव्हती. टेल्से रोज म्हणायची, उद्या.

जानेवारीतल्या एका सरावात ते झालं. पंच नव्हते, प्रेक्षक नव्हते. हॉलचा रखवालदार दारातला बर्फ झाडत होता, त्याने पुढे सांगितलं ते एवढंच, की मोठी ओरडली नाही. ती चालवता चालवता मधूनच घडी पडल्यासारखी बसली. वरची पोर लांब फेकली गेली आणि कोपरावर आपटली. ओरडली ती गेशे.

बेंटेच्या कोपरात स्क्रू बसवले. हात पूर्ण सरळ व्हायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. फेम्केच्या पाठीच्या मणक्याला चीर होती. ती आजची नव्हती, डॉक्टरांच्या अंदाजाने शरद ऋतूपासूनची.

गेशेने क्लब सोडला. बसमध्ये लोक पुन्हा "मोइन" म्हणू लागले, हळू आवाजात, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. तुझंच खरं होतं, असं कोणी म्हणालं नाही, आणि ते ऐकायची टेल्सेला धास्तीच होती. फोल्कर्टचा फोन आला. "तुमचं नाव पंचांच्या यादीत पुन्हा घातलंय आम्ही."

"आणि नियम?"

"नियम तोच आहे. मी खूप विचार केला, बाई. पडण्याआधीचं मोजायचं कसं, तुम्हीच सांगा. मला खरंच सुचत नाही."

टेल्सेने फोन ठेवला.

मार्चमध्ये फेम्के पुन्हा बसमध्ये चढली. कपड्यांखाली पाठीचा कडक पट्टा, मान ताठ. ती पुढच्या सीटवर बसली.

"तुम्हाला आधीच कळलं होतं," फेम्के म्हणाली.

"हो."

"कधी?"

"ऑक्टोबरात. तू दांडी धरून चढलीस त्या दिवशी."

"मग नुसते माझे गुण कशाला कापलेत?" पोरीच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच झोंबलं. "मी रोज इथेच उभी होते. मी वाट बघायचे की कोणीतरी आईला सांगेल. माझं मी सांगितलं असतं तर बेंटेचं सगळं बुडालं असतं. पण तुम्ही तर मोठ्या होतात."

"मी पंच होते," टेल्से म्हणाली. हे शब्द बाहेर पडल्यावर तिला स्वतःलाच ते पोकळ वाटले. शाळेच्या थांब्यावर फेम्के एकेक पायरी करत उतरली आणि मागे न बघता गेली.

टेल्सेने पंचगिरी सोडली. फोल्कर्टला तसं स्पष्ट कळवलं. पण पुढच्या हंगामाच्या पहिल्या शनिवारी तिचे पाय हुझुम शहरातल्या स्पर्धेच्या हॉलकडे वळलेच. ती तिकीट काढून प्रेक्षकांत बसली. स्पर्धेआधीच्या तालमीत एक अनोळखी जोडी आली. खाली उंच, सडपातळ मुलगी, वर तिची धाकटी बहीण. वळताना मोठीचा डावा हात नकळत कंबरेकडे जात होता. दोनदा गेला. तिसऱ्यांदा तिने तो अर्ध्यातून ओढून घेतला.

टेल्से उठली. मैदानाच्या कडेला पालकांनी केकचं टेबल मांडलं होतं. तिथे त्या मुलींची आई सफरचंदाचा केक कापत होती. चेहरेपट्टीवरूनच कळत होतं.

"तुमच्या मोठीची पाठ दुखतेय," टेल्से म्हणाली.

"तुम्ही कोण? पंच?"

"नाही. बस चालवते."

बाई हसली, शेजारणीकडे पाहून डोळे मिचकावले. "आमच्या घरी सगळ्यांचीच पाठ दुखते. केक देऊ?"

"आज तिला सायकलवर चढू देऊ नका. मला हसा, हाकलून द्या, पण आधी तिला एकटीला गाठून विचारा."

पलीकडे मुख्य पंचाने जोडीचं नाव पुकारलं. दोघी बहिणी हात धरून मैदानाच्या मधोमध निघाल्या. बाईचं हसू अजून चेहऱ्यावर होतं, पण सुरी केकमध्ये अर्धी थांबली होती, आणि तिचे डोळे मोठीच्या पायांकडे गेले होते.

संगीत सुरू झालं.