साठऐवजी पन्नास

आमच्या मुर्री गावाहून सायकलनं मी एका वर्कशॉपला जायची. राइस मिलच्या यंत्रांचे भाग तिथं बनायचे. कॉम्प्युटरवर आराखडे काढायचा, कॅडचा कोर्स नुकताच संपला होता; महिनाभर काम बघून वर्कशॉपचे शेठ मला ठेवायचं की नाही ते ठरवणार होते. बाबांनी बजावलं होतं, इथं जमलं नाही तर पाहुणे बघायला येतील. म्हणून कुणाला काही विचारायचं नाही, अडाणी दिसायचं नाही, असा माझा मूर्ख हट्ट होता.

एका मिलच्या चाळणीला नव्या लोखंडी पट्ट्या हव्या होत्या. वर्कशॉपमधले म्हातारे मिस्त्री जुनी पट्टी मोजून आले. "दहा एमएमचे वीस भोकं. दोन भोकांच्या मंधात पन्नास," म्हणाले. ते भोकाच्या काठापासून पुढच्या काठापर्यंत मोजत. कॅडमध्ये एकाच भोकाची ओळ पाडणाऱ्या लिनियर पॅटर्नला मात्र मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर लागतं. म्हणजे पन्नासात भोकाचे दहा मिळवून साठ. हे मला शिकवलेलं होतं. तरी कुठून मोजलं ते न विचारता मी एक भोक काढलं, दिशा दाखवली आणि पन्नास टाकले. क्षणात वीस भोकांची रांग उभी राहिली.

मिस्त्री हसले. "आमी दिवसभर ठोकत बसतो, थे तू एका घडीत करून राहिली!"

सोळा पट्ट्या कापून झाल्या. मिलमध्ये पहिला बोल्ट बसला. दुसरा बसेना. तिसरं भोक तर पार सरकलेलं. ऐन हंगामात मिल बंद, मिलवाला शेठवर ओरडत होता.

"माप किसने दिया?" शेठनं मला विचारलं.

"मिस्त्रींनी."

खोटं नव्हतं. मिस्त्रींनी पट्टीवर स्केल लावली, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. "हो, मीच देल्लं," एवढंच म्हणाले. अजून वेळ होता. बोल, बोल, असं मी स्वतःला सांगत होते आणि डोळ्यांसमोर ते पाहुणे दिसत होते. मी बोलले नाही.

"कल से मत आना," शेठ त्यांना म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी फाइल उघडून पन्नासचे साठ केले. सगळी भोकं आपोआप जागेवर गेली. मिस्त्री आपली हातोडी आणि भोकाची खूण ठोकायचा पंच न्यायला आले होते. माझ्या टेबलाशी थांबले. "पोरी, कोणी माप देल्लं त विचारत जाय, कुठून कुठवर मोजलं म्हणून."

मी मान हलवली.

महिना भरला तेव्हा शेठनं मला पक्कं केलं. बाबांनी पेढे आणले. मी दोन खाल्ले.