दाजींचा पावटा

दुसऱ्याचं वजन वाढलं नाही म्हणून पेढे वाटणारा माणूस जगात एकच असेल, आणि तो माझा थोरला साडू आहे. हा दुसरा म्हणजे घाटेअळी. हरभऱ्याच्या घाट्यात आणि तुरीच्या शेंगेत तोंड खुपसून बसणाऱ्या या अळीला उपाशी कसं मारावं, याच विचारात त्यांची वीस वर्षं गेली. घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. नोकरी एका संशोधन संस्थेत, राहायला वाकडला अकराव्या मजल्यावर, आणि शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी प्लास्टिकच्या चिमुकल्या डब्या. प्रत्येक डबीत एकच अळी, कारण दोन एकत्र ठेवल्या तर सकाळी एकच उरते. "वाकडमध्ये माणसांना परवडत नाही, पण माझ्या अळ्यांना प्रत्येकी स्वतंत्र खोली आहे," असं ते अभिमानाने सांगतात. एकदा संत तुकाराम नगरला आमच्या घरी ते पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले. भाचीचं लग्न ठरलं असं समजून बायकोने देवापुढे दिवा लावला. दाजी म्हणाले, "अहो, दहा दिवस झाले, कणभर वजन वाढलेलं नाही!" बायको आधी स्वतःकडे बघायला लागली, आणि मग तिने दिवा लावलाच आहे तर राहू दे म्हणून तसाच ठेवला.

त्यांच्या पंक्तीला बसणं हा एक अनुभव असतो. एका बारशाला यजमानांनी हौसेने ताज्या अननसाच्या फोडी ठेवल्या होत्या. दाजींनी एक उचलली आणि मोठ्याने म्हणाले, "खा, खा. पण लक्षात ठेवा, तुम्ही अननसाला खाताय तसा अननसही तुम्हाला खातोय. जीभ चुरचुरते ती उगाच नाही." त्यात प्रथिनं कापणारी विकरं असतात, तसलीच कच्च्या पपईत असतात आणि मटण लवकर शिजवतात, तसलीच कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात, असं सांगेपर्यंत निम्म्या पाहुण्यांनी फोडी खाली ठेवल्या होत्या. पावडरीवर माझा विश्वास बसेना, तर दुसऱ्या रविवारी त्यांनी माझ्या नव्या शर्टावर चमचाभर अंडं ओतलं. डाग गेला, हे कबूल करायला हवं. शर्टाचा रंगही थोडा गेला, पण तो त्यांच्या विषयात येत नव्हता.

मी आयुष्यभर मशीनवर काम केलेला माणूस, म्हणून मला ते माझ्या भाषेत समजावत. "अळीच्या पोटात कात्र्या असतात, राव. दाण्यातलं प्रथिन कापायच्या. आणि काही दाण्यांत त्या कात्रीत अडकणारा खडा असतो. खडा अडकला की अळी खात राहते, पण अंगी काही लागत नाही." मग अडचण काय, असं विचारलं की ते खुलायचे. अळी मोठी वस्ताद. एक कात्री अडकली की ती दुसऱ्या घडणीची कात्री काढते. दाजींनी कारल्याच्या बिया घातल्या, मिरचीचं बी घातलं, कुठल्या कुठल्या रानशेंगा घातल्या. सगळ्यांना अळी पुरून उरली. त्यांना तिचा राग कधी आला नाही. "हुशार आहे हो," असं ते एखाद्या शिक्षकाने खोडकर पोराविषयी सांगावं तसं सांगायचे.

आणि मग आमच्या सासूबाईंचा पावटा निघाला. सासुरवाडी चाकणजवळ. तिथे बांधावर सासूबाई दरवर्षी काळ्या दाण्याचा जुना पावटा लावायच्या. एका दिवाळीला जेवणाची पानं मांडली तरी दाजींचा पत्ता नाही, म्हणून शोधायला गेलो, तर थोरले जावई नव्या कपड्यांत बांधावर पालथे पडलेले. शेजारच्या शेंगांवर अळ्या टपोऱ्या, आणि या वेलावरच्या सगळ्या मरतुकड्या! सासूबाई मागून आल्या आणि म्हणाल्या, "जावईबापू, आदी जेवून घ्या. आळ्या काय पळून जायच्या न्हाईत." त्या पावट्यातला खडा अळीच्या दोन्ही कात्र्यांत अडकत होता. पेढे आले ते यानंतर. आता फक्त तोच प्रयोग नव्या दाण्यांवर पुन्हा करून दाखवायचा होता. त्याशिवाय कुणी मानणार नव्हतं, आणि दाजींच्या निवृत्तीला वर्षच उरलं होतं. तेवढ्यात ते रान गोदामाला गेलं. बांध गेला, वेल गेले, उरला शेवटच्या हंगामाचा एक डबाभर पावटा.

तो डबा सासूबाईंनी माझ्या हाती दिला. "थोरल्या जावयांना द्या. त्यांचा लई जीव हाय त्याच्यावर." दाजींचा रोज फोन, "आणला का पावटा? जपून आणा हं." हे सगळं प्रकरण त्यांनी मला सतरा वेळा सांगितलं होतं. पण दाजी बोलायला लागले की मी मान डोलावतो आणि मनात भलतंच चाललेलं असतं, ही माझी जुनी खोड. मला एवढंच कळलं की माणूस पावट्यासाठी झुरतोय. रविवारी ते आमच्याकडे जेवायला येणार होते. मी बायकोला म्हटलं, दाजींना खूश करू. पावटा भिजवला, मोड काढले, दोघांनी मिळून सोलला आणि गोडा मसाला, खोबरं घालून पातेलंभर उसळ केली.

दाजींनी झाकण उचललं आणि नुसते बघत राहिले.

"किती घातला?" त्यांनी हळू विचारलं.

"सगळा," मी म्हणालो, तेही फुशारकीने. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि ते सतरा वेळा सांगितलेलं सगळं एकदम आठवलं.   दाजी ताट पुढे ओढून म्हणाले, "वाढा. शिजवल्यावर तो खडा विरघळतो, पोटाला काही त्रास नाही." त्यांनी दोनदा उसळ घेतली आणि वर मलाच म्हणाले, "मीठ अगदी बेताचं पडलंय, राव."

बायकोने रडत आईला फोन लावला. पलीकडून सासूबाईंचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "आगं, समदा कोन देतंय व्हय? बियाला मी न्हाई का काढून ठिवला? राखंत हाय, गाडग्यात."

"पण आई, रान गेलं ना आपलं?"

"रान गेलं म्हनून काय बी मोडायचं?"

दाजींनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. वीस वर्षांत जेवताना त्यांनी काहीच समजावून सांगितलं नाही असा तो एकच दिवस.

पावटा अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावला. थंडीत ग्रिलभर वेल चढला. सासूबाईंना लिफ्टने वर आणलं. त्या वेलाशेजारी पाट घेऊन बसल्या, शेंगा चाचपल्या आणि म्हणाल्या, "रान कुटं गेलं म्हनत हुते, तर हितं वर यिऊन बसलंय व्हय!" प्रयोग जमला. निवृत्तीच्या महिनाभर आधी पुन्हा पेढे आले. या खेपेला दिवा बायकोने समजून लावला.

दाजी आता निवृत्त आहेत. डब्या रिकाम्या झाल्या, पण वेल दरवर्षी चढतो. सासूबाई गेल्यापासून बियाचे दाणे दाजीच काढून ठेवतात, त्याच गाडग्यात, गावाकडून आणलेल्या त्यांच्या चुलीच्या राखेत. संक्रांतीला मला एक पुडी येते. तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'खाण्यासाठी'. बियाची पुडी त्यांनी मला अजून दिलेली नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण यंदा मी रिकामे डबे जमवले आहेत, आणि दाजी बोलत असताना सगळं कान देऊन ऐकलं आहे. यंदा ती पुडी मागणार आहे.