विरळ हवेतलं घर

नागपूर स्टेशनवर दिल्लीची गाडी लागली तेव्हा आई रडत नव्हती. माझ्या पाठीवर एक सॅक होती आणि हातात गोलकीपरचे पॅड कोंबलेली अवजड बॅग. ती डब्यात चढवताना एका सहप्रवाशाने विचारलं, "इसमें क्या है?" बाबा म्हणाले, "हॉकी का सामान है. बरफवाली हॉकी." तो हसला. नागपुरात हे ज्याला सांगितलं, तो हसलाच होता. गाडी हलली तशी आई खिडकीबरोबर चालत आली. "काहून जाऊन राहिली वं इतक्या दूर?" तिकीट तिनेच काढून आणलं होतं.

मी तेव्हा नुकतीच दहावी झाले होते. लहानपणापासून आमच्या नंदनवन वस्तीतल्या मैदानावर चाकांचे स्केट घालून पळायचे. एका शिबिरात पहिल्यांदा खऱ्या बर्फावर उभी राहिले. तिथे लेहहून आलेल्या प्रशिक्षकांनी मला गोलमध्ये उभं केलं. अंगावर येणारी पक, म्हणजे रबराची ती कडक चकती, पाहून माझे डोळे मिटत नव्हते. एवढ्यावरच त्यांनी विचारलं, लेहला राहून शिकशील का? बाबा मौद्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होते. जन्म सगळा उष्णतेत गेलेला माणूस. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "जाय. थंडीले हारून वापस नको येऊ. खेळून हारली त चालते."

लेहला उतरल्यावर पहिल्याच सकाळी कळलं की नागपुरात जरीपटक्याच्या बाजारातून हौसेनं घेतलेलं जॅकेट इथे सदऱ्यासारखं आहे. ज्यांच्याकडे माझी राहायची सोय झाली, त्या म्हातारीने स्वतःचा लोकरी अंगरखा माझ्यावर टाकला. तिला सगळे आमा-ले म्हणायचे. लडाखीत आमा म्हणजे आई, आणि 'ले' मानाचं. 'मले, तुले' म्हणणाऱ्या मुलीला तो 'ले' दिवसभर घरची आठवण द्यायचा. तिच्या देवघरात तुपाचे दिवे आणि कितीतरी मूर्ती होत्या. आमच्या घरी भिंतीवर बुद्धाची एकच तसबीर. पहिल्या पौर्णिमेला मी तिथे बसून आमच्या चालीत त्रिसरण, 'बुद्धं सरणं गच्छामि', म्हटलं. आमा-ले मागे येऊन बसली. चाल तिच्या ओळखीची नव्हती, पण बुद्धाचं नाव तिला कळलं.

पुढच्या हिवाळ्यात अठरा वर्षांखालच्या मुलींची आंतरराष्ट्रीय स्पर्धा लेहमध्येच ठरली. चार देशांचे संघ येणार होते आणि भारताच्या गोलमध्ये मी उभी राहणार होते. आईबाबा दोघंही आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून आले. इथे हवा विरळ असते, आल्यावर दोन दिवस पडून राहायचं असतं, हे मी फोनवर बजावलं होतं. आई पडून राहिली. बाबा मात्र दुपारी एकटेच चढ चढून रिंक, म्हणजे सामन्याचं बर्फाचं मैदान, पाहून आले. "पोरगी कुठं उभी राहते, ते पाहाले नको का?" असं ते आईला म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना श्वास घेता येईना. ओठ निळसर पडले होते.

दवाखान्यात त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला. नर्स वाकून आदराने म्हणाली, "आबा-ले." बाबांनी मास्क जरा बाजूला केला. "आबाले काय? पुढं सांग ना. आबाले काय देऊन राहिली?" मी त्यांना समजावलं की इथे आबा म्हणजे वडील आणि 'ले' मानाचं. ते थोडं हसले आणि त्या हसण्यानेही दमले.

डॉक्टरांनी मला आणि आईला बाहेर बोलावलं. फुप्फुसात पाणी झालं आहे, पहिल्या विमानानं खाली न्या, म्हणाले. "आणि पुन्हा इतक्या उंचीवर आणू नका. कधीच." आईने मान हलवली. मला ते शेवटचं वाक्य त्या वेळी नीट ऐकूच आलं नाही, कारण विमान दुसऱ्या सकाळचं होतं आणि त्याच दुपारी आमचा पहिला सामना.

मी बरोबर जाते म्हणाले. प्रशिक्षकांनीही अडवलं नाही. विमानतळावर बाबा चाकांच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर. ते म्हणाले, "तू येऊन काय करशील? माह्यासाठी श्वास घेशील का? तुह्या आईले येते सगळं." आईने खुर्चीवरचे माझे हात सोडवले. "मी आहो ना वं. तू जाय." विमान डोंगरांपलीकडे दिसेनासं होईपर्यंत मी उभी होते. मग रिंकवर गेले.

आम्ही सपाटून हरलो. समोरच्या मुली चालायला लागल्यापासून बर्फावर होत्या. त्या आल्या की आधी बर्फ कापल्याचा आवाज यायचा, मग पक. कितीदा तरी ती माझ्या मागच्या जाळीत गेली. मी अडवली तेव्हा कडेला उभे असलेले लेहचे लोक माझं नाव घेऊन ओरडले. आमा-लेने त्यांना ते शिकवलं असावं. त्या गर्दीत दोन जागा मी राखून ठेवायला सांगितल्या होत्या. तिथे कुणीतरी आपल्या पिशव्या ठेवल्या होत्या.

संध्याकाळी दिल्लीहून फोन आला. बाबांचा आवाज मोकळा होता. "उतरलो तशी छाती खुली झाली. किती गोल झाले?"

"नऊ."

"तुह्यामुळं?"

"गोलकीपर मीच आहो बाबा. सगळे माह्यामुळंच."

"बरं. जेवली का?"

तेव्हा मी रडले.

याला आता बरीच वर्षं झाली. खेळणं थांबलं, शिकवणं सुरू झालं. लेहच्या एका शाळेने मुलींना हॉकी शिकवायची कायमची नोकरी देऊ केली तेव्हा डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य मला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आलं. मी हो म्हटलं तर माझ्या घरी माझे बाबा कधीच येणार नाहीत. नंदनवनात राहिलेल्या मैत्रिणी म्हणाल्या, परत ये, इथेही शाळा आहेत. त्यांचं चुकत नव्हतं. पुण्याला, परदेशात गेलेल्यांनी काहीच सल्ला दिला नाही. त्यांनी फक्त विचारलं, झोप लागते का?

मे महिन्यात नागपूरला गेले. बाबा निवृत्त झाले होते. दुपारी सगळ्या खिडक्या बंद, वाळ्याचा पडदा ओला, कूलरचा घरघराट. मी त्यांना नोकरीचं सांगितलं. आमा-ले वरच्या मजल्यावरची पडीक खोली मला नीट करून घे म्हणते आहे, तेही सांगितलं. आई उठून आत गेली.

"खिडकी कोणत्या बाजूले आहे?" बाबांनी विचारलं.

"पूर्वेला. लहानशी आहे."

"दक्षिणेले मोठी काढ. काच लाव. हिवाळ्यात सूर्य तिकडून चालते. आपण इथं उन्हाले हाकलतो, तुले तिथं बोलवा लागन."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाले कधी पाहाले येता येणार नाही."

"माहीत आहे मले," ते म्हणाले. "म्हणून त सांगून राहिलो."

आईने आतून पन्हं आणलं. तिचे डोळे लाल होते. आम्ही तिघं ते प्यायलो.

खोली त्या उन्हाळ्यातच झाली. आता बाहेर सगळं गोठलेलं असताना दुपारी माझ्या खोलीत ऊन येतं, जमिनीवरून सरकत पलंगापर्यंत पोचतं. मी शाळेतून आले की बाबांचा फोन येतो. इकडची तिकडची चौकशी ते करत नाहीत. "कुठवर आलं?" एवढंच विचारतात. मी पाहते आणि सांगते.